कस्तुराबाईची कापडी वावडी

मार्चअखेरीला कस्तुराबाई थोरात कामावरून सुटली, तेव्हा तिच्या उजव्या खांद्यात भाकरी थापण्यापुरतं बळ उरलं होतं. फळीवरचा डबा काढायचा तर सुनेला हाक मारावी लागे. दौंडच्या डॉक्टरनं खांद्याचा फोटो उजेडाला धरला आणि म्हणाला, "झिजलाय. आज हात डोक्याच्या वर जातोय, वर्षभरानं जाणार नाही. वजन उचलू नका."

"वढायचं चालंल का?" तिनं विचारलं.

"काय ओढायचंय?"

ती उठली. फोटो पिशवीत घातला आणि खुटबावला परत आली. साठीच्या बाईला वावडी उडवायचीय, हे डॉक्टरला सांगायचं कसं?

वावडी म्हणजे पतंगाची थोरली जाऊ. माणसाएवढी उंच, बांबूच्या कामट्यांची, खाकी कागदाची. तिला मांजा पुरत नाही, दोर लागतो. आखाडाच्या वाऱ्यात ती धरायची तर टाचा रोवून उभं राहावं लागतं. कस्तुराबाईचं माहेर भीमेपलीकडं, शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याजवळच्या एका वस्तीवर. आखाड लागला की तिचा बाप वावडी बांधायला घ्यायचा. खळ शिजवायची कस्तुरानं. कागद चिकटवायचा कस्तुरानं. घायपाताचा वाख मांडीवर वळून दोर करायचा तोही कस्तुरानं. वळून वळून मांडीची साल निघायची. नागपंचमीला ती वावडी धरायची मात्र थोरल्या भावानं, हौसरावनं. कस्तुरा वारुळाला दूध घालून यायची, झोक्यावर बसायची आणि लांबून बघायची. दिवस कलला की भाऊ दोराचा गुंता आणून तिच्या पुढ्यात टाकायचा. पंचमीला कापायचं नाही, चिरायचं नाही. गाठ कितीही घट्ट बसली तरी कोयता लावायचा नाही, नखानं सोडवायची. ती सोडवायची.

"एकदा धरू दे की, दादा," दहा वर्षांची असताना ती म्हणाली होती.

"तुला उचलून न्हील ती. पार दौंडाकडं नेऊन टाकंल."

दौंडाकडं ती पुढं लग्न होऊन गेलीच. वावडी न धरता.

मग सत्तावीस वर्षं कुरकुंभच्या एका कारखान्यात, ठेकेदाराच्या हाताखाली. काम एकच. यंत्राच्या तोंडाखाली गोणी धरायची, पंचवीस किलो पावडर भरली की तोंड शिवायचं, उचलून थप्पीला लावायची. पाळीला दीडशे-दोनशे गोण्या. नवी बाई आली की कस्तुराबाई तिला दोन गोष्टी सांगायची. उचलायच्या आधी गोणीचा कान धरून हलवून बघायचा, म्हणजे वजनाचा अंदाज येतो. आणि एकदा धरली की सोडायची नाही. सुटली की फुटते, फुटली की ठेकेदार त्या दिवसाची हजेरी लावत नाही. कस्तुराबाईच्या हातून सत्तावीस वर्षांत एकही गोणी सुटली नव्हती. याचं कुणी कधी कौतुक केलं नाही. करण्यासारखं त्यात काही आहे, असं तिलाही वाटलं नाही.

पण या पंचमीला वावडी धरायची, एवढं तिनं मनाशी पक्कं केलं. पुढच्या पंचमीला हात वर जायचा नव्हता.

अडचण अशी की कामट्यांची वावडी आता कुणी बांधत नाही. बाप केव्हाच गेला. हौसराव अडुसष्ट वर्षांचा, त्याची बोटं वळत नाहीत. ती हे सगळं एका दुपारी शेंगा फोडता फोडता सुनेशी बोलली. सून अनिता बारावी झालेली, जिभेनं तिखट, पण ऐकून घेणारी. तिनं फोनवर शोधलं आणि सासूपुढं धरलं.

"आत्या, ह्ये बघा. बाई उडवतीय."

समुद्रकाठी एक बाई दोन्ही हातांनी दांडा धरून मागं रेलली होती आणि आभाळात कापडाची एक फुगलेली गोधडी तिला ओढत होती.

"कामट्या कुठंयत हिच्या?"

"न्हाईत. कापडाच्या कप्प्यांत वारं भरतं आन् ती फुगती. पॉवर काइट म्हणत्यात."

"म्हंजी कापडी वावडी."

त्यानंतर आठ दिवस दुपारच्या दोघी फोन घेऊन बसल्या. शेवटच्या पगारातले पाच हजार कस्तुराबाईनं बाजूला ठेवले होते. नवी चांगली घ्यायची तर तिप्पट पडत होती. पाच हजारांच्या आत होत्या त्या खेळण्यातल्या. अनितानं त्यांचे फोटो मोठे करून दाखवले. कस्तुराबाईनं फक्त शिवण बघितली. इतकी वर्षं गोण्या शिवलेल्या बाईला टाका कळतो.

"एकेरी हाय. पहिल्या वाऱ्यात उसवंल."

"खाली तसंच लिवलंय लोकांनी," अनिता म्हणाली.

शेवटी वापरलेली घ्यायची ठरलं. शिरूरला विश्वजीत नावाच्या माणसाचं ताडपत्रीचं दुकान होतं. तो आधी कामशेतला, डोंगरावरून छत्रीनं उडतात त्या लोकांकडं कामाला होता. त्याच्याकडं दोन जुन्या वावड्या होत्या.

चौफुल्याहून शिरूरची एसटी मिळाली. न्हावऱ्याला हौसराव चढला. फोनवर ठरलं होतं तसं.

"कस्तुरे, जिन्याला कठडा धरतीस आन् वावडी उडवणार व्हय?"

"तू नुस्ता संगं चल. घासाघीस करायला."

"मला वावडी येती. घासाघीस तुझ्या वैनीला येती. तिला आणायची हुती."

विश्वजीतनं दुकानामागच्या अंगणात दोन्ही वावड्या पसरल्या. एक निळी, दीड मीटरची. दुसरी लाल, साडेतीनची, मधे ठिगळ लावलेलं. ठिगळामुळं दोन्हींची किंमत सारखीच.

"मावशी, शिकायचं असंल तर निळी घ्या," तो म्हणाला. "डाव्या-उजव्या दोन दोऱ्या चालवायच्या, तिसरी सुटकेची. वावडी डोक्यावर ठिवली तर निवांत राहती. समोर खाली आणली की वढती. लालचं पण तसंच. पर लाल नवख्याच्या कामाची न्हाई."

कस्तुराबाई खाली बसली. तिनं आधी निळीचा कान धरला, हलवून बघितलं. मग लालचा. निळी ओल्या टॉवेलाएवढी. लाल फार तर किलोभर. तिनं पुन्हा लाल हलवली. सत्तावीस वर्षं जी खूण कधी चुकली नव्हती, ती सांगत होती की हे ओझंच नाही.

"हिला काय भ्यायचं," ती म्हणाली. "तेवढ्याच पैशात दुप्पट कापड."

"निळी म्हंजी लंगोट हाय," हौसराव म्हणाला.

"मावशी, वजन तिचं न्हाई बघायचं. वाऱ्याचं बघायचं."

"वाऱ्याचं वजन कसं बघत्यात?"

 विश्वजीतनं लाल वावडी पिशवीत भरली आणि मनगटाचा पट्टा दाखवला. "वढ जास्त झाली की दांडा सोडायचा. हात उघडायचा, बास. पट्ट्याची दोरी तेवढी ताणती, हवा निघून जाती आन् वावडी खाली पडती. बाकी काय न्हाई जमलं तरी चालंल, ह्ये जमलं पायजे."

"सोडायला काय शिकायचंय?" हौसराव हसला.

कस्तुराबाईलाही तसंच वाटलं.

आखाडाचा वारा खुटबावला भरात होता. शेजारच्या पोपटरावांचं कांद्याचं रान मोकळं पडलं होतं. ढेकळं पावसानं विरलेली, वाट ना झाड, फक्त बांधाला एक बाभळ. अनितानं वावडी लांब नेऊन उभी धरली. कस्तुराबाईनं पट्टा मनगटाला बांधला, पदर खोचला, टाचा रोवल्या.

"सोड."

लाल कापडात वारं भरल्याचा आवाज झाला, ताडपत्री झटकावी तसा. वावडी डोक्यावर गेलीच नाही, समोरच राहिली. पुढच्या क्षणी कस्तुराबाई पालथी होती आणि रान तिच्या खालून सरकत होतं.

"आत्या, सोडा. सोडा. दांडा सोडा."

तिनं ऐकलं. सोडायचं म्हणजे काय तेही तिला ठाऊक होतं. पण बोटं दांड्याभोवती मिटली होती ती मिटलीच. वीस पावलं ती ढेकळांतून ओढली गेली. अनितानं धावत येऊन तिच्या पायांवर अंग टाकलं. तेवढ्यात वावडी कलली, बाभळीला अडकली आणि फाटत खाली आली.

घरी अनितानं कोपर धुतलं, हळद भरली. खांदा सुजून वर आला होता.

"चारदा वराडले मी सोडा म्हणून."

"ऐकलं की."

"मग?"

कस्तुराबाईनं तळहात उलटा करून बघितला. "हाताला ऐकू येत न्हाई, त्याला काय करू?"

मुलगा भांडगावच्या कारखान्यातून पाळी संपवून आला. त्यानं कोपर बघितलं, वावडी बघितली. "आये, ह्ये आता बास," एवढंच म्हणाला आणि जेवायला बसला. दमलेल्या माणसाला जास्त बोलवत नाही.

ती दहा दिवस पडून राहिली. छताकडं बघताना एकच गोष्ट तिच्या डोक्यात घोळत होती. खांद्यानं दगा दिला नव्हता. खांदा ओढ सोसून वर दुखत होता, म्हणजे त्यानं त्याचं काम केलं होतं. चुकला होता तो तळहात. जी सवय पोटाला घास घालत आली, तिनंच ढेकळांवर तोंड घासलं. पंचमीला बावीस दिवस होते. खांदा दुसऱ्यांदा असा सुजला तर पंचमी गेलीच, आणि पंचमीबरोबर हातही.

अकराव्या दिवशी तिनं एक रिकामी गोणी काढली, चार-पाच किलो वाळू भरली, तोंड शिवलं. गोठ्याच्या आढ्यावरून दोर टाकला, एक टोक गोणीला बांधलं. दुसरं टोक कमरेएवढ्या उंचीवर धरून ओढलं. गोणी गुडघ्याएवढी उचलली गेली. आता सोडायची.

ती तशीच उभी राहिली.

"काय चाललंय?" अनिता दारातून म्हणाली.

"सोडायला शिकतीय."

"मग सोडा की."

"सोडते. घाई करू नगंस."

तिनं आधी करंगळी उघडली, मग एकेक बोट. गोणी धप्पकन खाली पडली. कस्तुराबाईचे दोन्ही खांदे आपोआप वर आले, कुणी ओरडल्यावर येतात तसे. कुणी ओरडलं नाही. गोठ्यातली म्हैस तेवढी मान वळवून बघत होती.

मग रोज सकाळी वीसदा, संध्याकाळी वीसदा. आधी एकेक बोट, मग पाची बोटं एकदम. मग अनितानं पाठीमागून अवचित "सोडा" म्हणायचं आणि सासूनं सोडायचं. पहिले दोन दिवस शब्द आणि हात यांत एक श्वास जायचा. अनिता कणीक मळता मळता, केर काढता काढता मधेच म्हणायची. पाचव्या दिवशी गोणी फुटली. वाळू भुईवर पसरली. कस्तुराबाईची नजर पहिल्यांदा गेली ती दाराकडं. थोडा वेळ ती तिकडंच बघत राहिली. मग तिनं केरसुणी घेतली, वाळू गोळा केली, दुसरी गोणी भरली.

मधल्या दुपारी तिनं लाल वावडी मांडीवर घेतली. बाभळीनं हातभर फाडली होती. कापडाच्या रंगाचा दोरा अनितानं चौफुल्याहून आणला. कस्तुराबाईनं दुहेरी टाका घातला, टोकाला गाठ आत दडवली. तीन दुपारी गेल्या. फाटकी वस्तू परत नेऊन टाकायची, हे तिच्यात बसत नव्हतं.

शिरूरला विश्वजीतनं वावडी पसरली, शिवणीवरून अंगठा फिरवला.

"हा टाका कुणी घातला?"

"मीच."

"मी सांगितलं हुतं, मावशी."

"सांगितलं हुतं. मी वजन चुकीचं केलं. आता हिच्या बदली निळी दे."

त्यानं निळी काढली. या वेळी तिनं तिचा कान धरला नाही. अंगणात दोऱ्या जोडायला लावल्या. वारा अंगणात बेताचाच होता, पण वावडी पत्र्याच्या वर चढली. तिनं दांडा धरला आणि लगेच सोडला. वावडी मिटून पडली. तिनं पुन्हा चढवायला लावली, पुन्हा सोडली. सहा वेळा. एकदाही पट्टा अडकला नाही, एकदाही वावडी अर्धी फुगलेली राहिली नाही. मग तिनं शिवण बघितली. दुहेरी होती.

"लोक उडती का बघत्यात," विश्वजीत म्हणाला. "तुम्ही पडती का बघताय."

"उडंल ती," कस्तुराबाई म्हणाली. "तिचं कामच हाय."

ताडपत्रीला कडा शिवायला महिन्यातून चार दिवस येता का, असं त्यानं विचारलं. खांद्याचं बघून सांगते, ती म्हणाली.

पंचमीच्या आदल्या दिवशी हौसराव रीतीप्रमाणं न्यायला आला. भावासाठी असतो तो उपास तिनं माहेरीच केला. सकाळी बायकांबरोबर वारुळाला गेली, दूध-लाह्या वाहिल्या. परतताना भावजय गिताबाईनं तिच्या काखेतल्या पिशवीकडं बघितलं.

"वन्सं, झोका हिकडं बांधलाय."

"साठ वर्षं बघितला झोका. जरा माळावर जाऊन येते."

माळावर वारा एकसारखा होता. आधी तिनं पदर उडवून बघितला, मग मूठभर माती सोडून. माती चार पावलं गेली. लाल वावडी ज्या दिवशी चढवली, त्या दिवशी टाचेखालून उडालेली माती दिसेनाशी झाली होती. वाऱ्याचं वजन असं बघतात, हे तिला आता उमगलं होतं. ते सांगायला तिथं हौसरावशिवाय कुणी नव्हतं, आणि त्याला ते साठ वर्षांपूर्वीच ठाऊक होतं.

तो निळी वावडी घेऊन लांब गेला. "सोडू का?"

"सोड."

वावडी उठली, समोर क्षणभर थरथरली आणि तिनं डावा हात ओढताच डोक्यावर जाऊन उभी राहिली. कस्तुराबाईनं कोपरं बरगड्यांना टेकवली होती. ओढ खांद्यात नाही, कमरेत उतरत होती. तिनं वावडी जरा खाली आणली. टाचा मातीत बसल्या. तिनं पुन्हा वर नेली.

सत्तावीस वर्षं प्रत्येक ओझं तिला खाली ओढत आलं होतं. हे वर ओढत होतं. एवढाच फरक होता, पण अंगाला त्याची सवय नव्हती. पोटऱ्या कुठं ताणायच्या हे त्यांना कळत नव्हतं. ती वर बघत राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं ते वाऱ्याचं.

हौसराव जवळ आला. थोडा वेळ मागं हात बांधून उभा राहिला. मग त्याला राहवेना.

"डावीकडं घे. आगं डावीकडं. आन हिकडं, दावतो."

"हात लावू नगंस, दादा."

त्यानं हात मागं घेतला.

चहा उकळायला लागतो तेवढा वेळ झाला असेल. उजव्या खांद्यात बारीक कळ सुरू झाली. ती कळ तिला ओळखीची होती. पाळीच्या शेवटच्या तासाला यायची, आणि तेव्हा अजून चाळीस गोण्या बाकी असायच्या. वारा वाढला. दोऱ्या वाजू लागल्या. वावडी समोर उतरली आणि तिनं कस्तुराबाईला दोन पावलं पुढं नेलं.

"धर," हौसराव म्हणाला. "आता खरं वारं लागलंय. धर, सोडू नगंस."

कस्तुराबाईनं दोन्ही हात उघडले.

दांडा गेला, पट्टा ताणला, वावडीतली हवा निघाली आणि ती बोरीच्या झुडपावर जाऊन पडली. कस्तुराबाई जागची हलली नव्हती.

"का सोडलीस? आत्ता कुठं रंगात आली हुती."

"खांदा भरला."

"अजून थोडं धरायचं हुतं."

"धरलं की लई," ती म्हणाली.

दोघं झुडपाशी गेले. तिन्ही दोऱ्या काट्यांत गुंतल्या होत्या, एकमेकींत पिळल्या होत्या. कस्तुराबाईनं उजवा हात वर करून बघितला. कानापर्यंत गेला, पुढं गेला नाही. वरची फांदी हौसरावला वाकवावी लागली. त्यानं खिशातून चाकू काढला.

"दोन ठिकाणी कापलं की झालं. मागनं गाठ मारू."

"आज पंचमी हाय."

त्यानं चाकू मिटला. ती बोरीच्या आडोशाला मांडी घालून बसली. पहिली गाठ नखात धरली, वाकडं बोट आत घातलं. दोऱ्या निसटू नयेत म्हणून हौसरावला दुसरं टोक धरून समोर बसावं लागलं. साठ वर्षांत गुंता सोडवताना तो पहिल्यांदाच शेजारी होता. जरा वेळानं त्याचा गुडघा अवघडला, पण तो उठला नाही. वस्तीकडून झोक्यावरच्या बायकांची गाणी तुटक तुटक ऐकू येत होती.

"ताणून धरू नगंस," ती म्हणाली. "ढील दे जरा."

त्यानं दिली. ती पुढच्या गाठीला लागली.